कॉपरबँड जेवला का? : क्वारंटाइन टाकीच्या नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

मासा, म्हणजे लांब चोचीचा समुद्री कॉपरबँड, अजून यायचा आहे. मोठ्या टाकीत सोडण्याआधी त्याला वेगळं ठेवायची ही टाकी तयार. दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच, आत पाणी साधारण ७५ लिटर. वाळू नाही, दगड नाही. लपायला पीव्हीसी पाइपचे तीन काटकोनी एल्बो, एक स्पंज फिल्टर, एक हीटर. स्पंज पाच आठवडे मोठ्या टाकीच्या संपमध्ये (तिच्या जोडीच्या गाळणीच्या टाकीत) बुडवून ठेवला होता, त्यामुळे अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात आयते वस्तीला आले असणार. तीन बाजूंना काळा कार्डशीट चिकटवला, पुढची काच तेवढी उघडी.

पाणी नळाचं, आरओ केलेलं. बेळगावात टिळकवाडीत आमच्याकडे कधी राकसकोप धरणाचं येतं, कधी हिडकलचं. आईला चवीवरून ओळखू येतं, मला विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर लागतो. आरओनंतर ४ दाखवतोय, म्हणजे मेंब्रेन शाबूत. मीठ लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशोबाने सुरू केलं आणि पुढे क्षारता दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर बघत बघत जुळवलं. चोर्ल्याचा घाट उतरला की दोन-अडीच तासांत खराखुरा समुद्र आहे, आणि मी अडीच हजार फुटांवर बसून बादलीत समुद्र ढवळतोय.

कॉपरबँडच का, तर मोठ्या टाकीत एप्टेशिया माजलाय. काचेसारखं पारदर्शक, शेपूभाजीच्या तुऱ्याएवढं समुद्री फूल. एक चिरडलं तर चार उगवतात. कॉपरबँड ते खातो म्हणतात. म्हणतात, हा शब्द मुद्दाम लिहून ठेवतो.

२३ नोव्हेंबर, शनिवार

पहाटे सहाला बंगळूरची बस. क्लीनरने थर्माकोलचा खोका हातात देताना विचारलं, "आत काय, आइस्क्रीम?" मासा म्हटल्यावर तो कोरड्या नजरेने बघत राहिला.

घरी येऊन खोलीचे दिवे मालवले, बंद पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवली, मग फोडली. पिशवीतल्या पाण्याची घनता १.०२०. विकणाऱ्याला आधीच विचारून घेतलं होतं, त्यामुळे क्वारंटाइनही १.०२० वर आणून ठेवलेलं. म्हणून थेंबथेंब पाणी सोडत तासभर बसण्याचा कार्यक्रम केलाच नाही. दहा-बारा तास बंद राहिलेल्या पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा पीएच उतरतो. अमोनिया साठलेला असतोच, पण उतरलेल्या पीएचमध्ये तो बहुतेक निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात असतो. पिशवी उघडली, वायू उडाला की पीएच वर चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. तेव्हा पिशवी उघडल्यावर रेंगाळायचं नाही. क्षारता जुळलेली असली की मासा सरळ टाकीत, पिशवीचं पाणी मोरीत.

चोचीसकट ११ सेंटिमीटर. पांढऱ्यावर तांबूस-केशरी पट्टे, पाठीच्या परावर मागच्या बाजूला काळा खोटा डोळा. खरा डोळा पहिल्या पट्ट्यात दडलेला. डोक्यामागची पाठ भरलेली आहे, ती चांगली खूण. पोट मात्र किंचित आत. ही जात पोट कुठवर खपाटीला गेलंय त्यावरून वाचायची असते.

"सगळं खातो साहेब," असं विकणाऱ्याने फोनवर तीनदा सांगितलं होतं. खातानाचा व्हिडिओ पाठवा म्हटलं तर "संध्याकाळी पाठवतो". ती संध्याकाळ अजून व्हायची आहे. चूक माझीही आहेच. व्हिडिओ आल्याशिवाय पैसे पाठवायचे नव्हते. किती पाठवले ते इथे लिहीत नाही, ही वही आईच्या हाताला लागते.

आज खायला काही दिलं नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), आरओच्या पाण्यात वितळवून, पिपेटने. नाकासमोरून गेले, बघितलं नाही. फ्रोझन ब्राइन श्रिंप, तेच. अर्ध्या तासाने सगळं सायफनने काढलं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

मायसिस लसणाच्या रसात भिजवून. लसणाने माशाची भूक चाळवते हे ज्याच्या त्याच्या तोंडी आहे, पटण्याजोगा पुरावा मला कुणी दाखवलेला नाही. हा मासा तर वासही घ्यायला आला नाही. खोलीला मात्र तडका दिल्याचा वास, आणि आई दारात. "खाऊलालाय का न्हाई ते?" नाही म्हटलं. "पाणी बदललंय न्हवं. चार दिवस तुला तरी कुठं जेवण जातंय परगावी."

ज्याच्याकडून नेहमी सामान घेतो त्या दुकानदाराचा सल्ला: आजच कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध, टाकून मोकळे व्हा, रोग असेल तर मरेल. रोग मरेल हे खरं. पण कॉपरने भूक मरते, आणि ज्याला भूक नाहीच त्याची आणखी काय मारायची? या माशाला रोगाआधी उपासमार नेते. अंगावर पांढरे ठिपके नाहीत, कल्ल्यांची गती मिनिटाला ऐंशीच्या आसपास, परं उघडी. औषध थांबेल. पहिलं काम जेवण.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

आज दिलं काहीच नाही. कारखान्यातून आल्यावर स्टूल घेऊन काचेपासून पाच फुटांवर बसलो, चाळीस मिनिटं, फोन खिशात. मी उद्यमबागेत क्वालिटीला आहे. दिवसभर जॉब मापतो आणि नाकारतो. जॉब मशीनवर बसत नसेल तर जॉबला शिव्या घालून भागत नाही, जॉब धरणारं फिक्स्चर बघावं लागतं. तर फिक्स्चर बघितलं.

मासा सुस्त नाही, उलट सारखा कामात आहे. एल्बोच्या तोंडाशी जातो, आतल्या कडेवर चोच टेकवतो. हीटरच्या सक्शन कपाच्या खाचेत चोच घालतो. हवेची नळी स्पंजला जिथे जोडली आहे तिथली बारीक फट त्याने चाळीस मिनिटांत अकरा वेळा तपासली. मोकळ्या पाण्यात मात्र एकदाही तोंड उघडलं नाही.

म्हणजे त्याच्या लेखी अन्न पाण्यातून वाहत येतच नाही, ते कशाच्या तरी भेगेत असतं. ही चोच त्यासाठीच तर आहे: प्रवाळाच्या खडकातले किडे आणि बारीक कवचधारी जीव वेचून काढायला. मी दोन दिवस हवेत पोळ्या उडवत होतो आणि पाहुणा ताट शोधत होता.

अमोनिया ०.२५. पंधरा लिटर पाणी बदललं.

२७ नोव्हेंबर, बुधवार

म्हापशाच्या मित्राला फोन. तो ट्युबिफेक्सबद्दल म्हणाला, जिवंत वळवळणारे किडे बघून बहुतेक माशांना राहवत नाही. पण आपल्याकडे ट्युबिफेक्स गटारातून येतात. ते चार दिवस धुवायचे, आणि खाऱ्या पाण्यात पडले की थोड्या वेळात मरणार नि सडणार. दुसरा उपाय त्याने सांगितला आणि मी कपाळावर हात मारला: "अरे, तिसऱ्या दे ना."

शिंपल्यातली तिसरी. जन्मभर आम्ही सुकं करून खाल्ली, माशाला द्यावी हे सुचलं नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

कामावर जाण्याआधी कॅम्पातला मासळी बाजार. गोव्याकडचा माल नुकताच उतरला होता. तिसऱ्या वाट्यावर.

"वाटा कशाला वो अर्धा? दोघंच जेवणार?"

"मला नको. माशाला पाहिजे."

बाईंनी कोयता खाली ठेवला. "माशाला मासे घालूलालाय तुमी?" मग शेजारणीला हाक मारून तिलाही ऐकवलं. शेवटी अर्धा वाटा वेगळा काढला, वर दोन मोठ्या टाकल्या आणि म्हणाल्या, "खाल्लं का सांगा. रविवारी ताज्या बघून ठेवतो."

संध्याकाळी तिसऱ्या ब्रशने घासल्या, अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवल्या. गारठल्या की पकड सुटते आणि विळीवर सहज उघडतात, ही आईची युक्ती. एक शिंपला तोडून टाकला, मांस दुसऱ्यात तसंच चिकटलेलं ठेवलं. ते अर्धं शिंपलं एल्बोच्या तोंडात उभं खोचलं. हवा बारीक केली, खोलीचा दिवा बंद, फक्त पॅसेजचा उजेड.

७.१० ला ठेवलं. ७.१४ ला तो एल्बोमागून निघाला आणि वीतभर अंतरावर थांबला. आधी डाव्या डोळ्याने बघितलं, वळून उजव्या डोळ्याने. पाठीवरचे काटे उभे झाले, पडले, पुन्हा उभे झाले. मग डोकं खाली, शेपूट वर, अंग तिरकं, आणि चोच मांसाच्या कडेच्या झालरीपासून नखभर अंतरावर. तिथे तो इतका वेळ स्थिर राहिला की मीच श्वास सोडायचा विसरलो. टोचा मारला. झालर ताणली गेली, शिंपलं एल्बोवर खट्‌कन आपटलं आणि महाशय टाकीच्या दुसऱ्या टोकाला.

७.१९ ला परत. या वेळी शिंपल्याच्या मागच्या बाजूने, जिथे मांस नाहीच. दोन वेळा चुन्यावर चोच आपटली. मग पुढे आला, झालरीचा दोऱ्याएवढा तुकडा ओढून काढला, तोंडात धरला, थुंकला. तो खाली पडत असताना पुन्हा पकडला. गिळला. कल्ल्याचं झाकण दोनदा फडफडलं.

एकूण सात टोचे, त्यातले तीन पोटात गेले. सहाव्या दिवशी.

समोरच्या अज्जी रोज गॅलरीतून विचारतात, "ऊटा आतेनु?" म्हणजे माशाचं जेवण झालं का. आज पहिल्यांदा ओरडून सांगितलं, "आत्री अज्जी, आत!" म्हणजे झालं. लिंगायत बाई, आयुष्यात मासळीला हात लावला नाही, पण हे ऐकून त्यांनी हात जोडले.

१ डिसेंबर, रविवार

शुक्रवारी दोन तिसऱ्या, काल तीन, आज तीन. आता शिंपलं टाकताना हात बघून पुढे येतो. बाजारातल्या बाईंना अहवाल दिला. त्यांनी पैसे घेतले पण वाटा भरपूर.

अमोनिया काल ०.५ वर गेला. या टाकीत पीएच ८.२ आहे, इथे ०.५ म्हणजे गंमत नाही. तिसऱ्या पाणी फार लवकर नासवतात. नियम: शिंपलं दीड तासात बाहेर, रोज दहा लिटर पाणी बदल, दर दोन दिवसांनी स्पंज टाकीच्याच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळायचा.

आजपासून तिसऱ्या निदान दोन रात्री गोठवून मगच देणार. पहिल्या दिवशी ताजी दिली कारण पर्याय नव्हता. गोठवल्याने बरेचसे परजीवी मरतात. आणि नुसत्या तिसऱ्यांवर ठेवून चालणार नाही. बऱ्याच शिंपल्यांत थायमिनेज असतं, ते ब-१ जीवनसत्त्वाची वाट लावतं. मासा खातोय खातोय म्हणता म्हणता काही आठवड्यांत आतून पोखरला जातो. तीन दिवसांत सुटकेचा निःश्वास टाकला आणि चौथ्या दिवशी ही नवी काळजी.

२ डिसेंबर, सोमवार

मार्गशीर्ष लागला. आईने फ्रीजर उघडून माझ्या पुड्या मोजल्या. गुरुवारी घट मांडणार, तेव्हा घरात हे नको. मी म्हटलं, त्याचं पोट अजून भरलेलं नाही. "एक गुरवार उपास घडला तर पुण्यच लागंल की त्याला." मी म्हटलं, त्याने सहा दिवस निर्जळी केलीय आधीच. निर्जळी हा शब्द तिला आवडला, हसली. तडजोड: पुड्या थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून मागच्या न्हाणीघरात. बंगळूरहून आलेला खोका वाया गेला नाही. बेळगावची डिसेंबरची थंडीही कामी आली, बर्फ दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो.

५ डिसेंबर, गुरुवार

पहाटे पाचला उठलो म्हणून वाचलो. टाकीचं तापमान २१.३. हीटरचा दिवा लागलेला, काच थंडगार. बाहेर थंडी मरणाची. मासा एल्बोमागे, रंग उतरलेला, पट्टे राखाडी. संपमधला जादा हीटर काढून आणला आणि चार तासांत हळूहळू २५ वर नेलं. एकदम चढवायचं नाही.

दिवसभर खाल्लं नाही. आईला पुण्य मिळालं.

आता दोन लहान हीटर लावलेत, ५०-५० वॅटचे, बाहेरून कंट्रोलरवर. एक गेला तरी दुसरा धरून ठेवेल, आणि एक चालूच अडकला तरी पाण्याची आमटी होणार नाही.

७ डिसेंबर, शनिवार

काल संध्याकाळी एक तिसरी, आज तीन. रुळावर आला.

आता कॉपरचा विचार. अंगावर ठिपके नाहीत, पण समुद्री पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी, क्रिप्टोकॅरियन, कल्ल्यांत दडून राहू शकतो. मोठ्या टाकीत एकदा शिरला तर सगळे मासे काढून ती अडीच महिने रिकामी ठेवावी लागते. एकदा केलंय, पुन्हा नाही. तेव्हा कॉपर द्यायचंच.

अडचण शिंपल्यांची. शिंपलं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि ते पाण्यातलं कॉपर ओढून घेतं. रोज तीन शिंपली आत-बाहेर करायची आणि कॉपरची पातळी महिनाभर स्थिर ठेवायची, हे दोन्ही एकदम होणार नाही. आणि कॉपर परजीवीच्या फक्त पोहणाऱ्या अवस्थेला मारतं, माशाच्या कातडीखालच्याला किंवा कवचात बसलेल्याला नाही, म्हणून पातळी एकही दिवस खाली येऊन चालत नाही. म्हणजे आधी शिंपलं सोडवायचं. तिसरी नको, तिसरीसारखं काहीतरी पाहिजे.

८ डिसेंबर, रविवार

डमी तिसरी, नमुना १. पांढऱ्या पीव्हीसी पाइपचा दीड इंची तुकडा ६० मिमी लांब कापला, उभा चिरून अर्धा केला. पाठीवर ४ मिमी ड्रिलने नऊ भोकं. चोचीचं टोक काचेवर टेकलेलं असताना बाहेरून व्हर्नियर लावून मापलं होतं, अंदाजे ३ मिमी. आतून मायसिस आणि तिसरीचा खिमा दाबून भरला.

निकाल: मासा आला, चोच घातली, दचकून मागे. पुन्हा आला नाही. खिमा भोकांतून ढगासारखा बाहेर आला आणि पाणी गढूळ.

तुकडा बाहेर काढून भोकावर नख फिरवलं तर बर, म्हणजे आतल्या बाजूला ड्रिलची धारदार कड तशीच! पोरांनी बर न काढता जॉब पाठवला तर मी लाल शेरा मारतो, आणि घरी स्वतः हा प्रकार.

९ डिसेंबर, सोमवार

नमुना २. आजपासून सुवर्णसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन, रस्त्यावर बंदोबस्त, कारखान्यातून यायला उशीर. पण दुपारच्या सुट्टीत काम उरकलं होतं. भोकं ५ मिमी, दोन्हीकडून काउंटरसिंक (तोंड तिरकं रुंदावलेलं), कड पॉलिश. आतून कांद्याच्या जाळीदार पिशवीचा तुकडा नायलॉनच्या दोऱ्याने बांधला, म्हणजे खिमा निसटत नाही, ओढून काढावा लागतो. तिसरीचा रस पाइपच्या पाठीवर चोळला. प्रमाण: तीन भाग तिसरी, एक भाग मायसिस.

शेजारी खरं शिंपलंही ठेवलं. आधी शिंपल्यावर गेला, ते संपवलं. मग पाइपकडे आला, एकेका भोकात डोकावला, चौथ्यात चोच घातली आणि ओढलं. जाळी ताणली, सुटली. मायसिसचा अर्धा तुकडा तोंडात.

थुंकला नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

खरं शिंपलं परवापासून बंद. प्रमाण निम्मं-निम्मं. घट मांडलेला असल्याने पाइप न्हाणीघरात भरला, दात वाजत होते.

१४ डिसेंबर, शनिवार

दत्तजयंती. लेकीला घेऊन दुकानात गेलो आणि एक काळी मोली आणली. चाळीस रुपये.

मोली गोड्या पाण्यात विकली जाते, पण हळूहळू सवय केली तर समुद्राच्या पाण्यात मजेत राहते. बादलीत ठेवून सहा तास थेंबथेंब खारं पाणी सोडलं, १.०२० पर्यंत. फायदा असा की गोड्या पाण्यातला मासा समुद्री परजीवी आणत नाही, आणि त्याच्या अंगावरचे गोड्या पाण्यातले परजीवी या पाण्यात बहुधा टिकत नाहीत. दुसरा समुद्री मासा सोबतीला टाकला असता तर त्याचंही क्वारंटाइन पहिल्यापासून मोजावं लागलं असतं.

मोली टाकीत पडल्यापासून तीन मिनिटांत मायसिस खायला लागली. तरंगता, बुडता, काचेला चिकटलेला, मिळेल तो. कॉपरबँड एल्बोमागून हा अधाशीपणा बघत होता. लेकीने मोलीचं नाव गुरुजी ठेवलं. मादी आहे म्हटलं, तरी गुरुजीच.

१५ आणि १६ डिसेंबर

पाइपवर जेवण. गुरुजी पाइपवरही घुसते, तिला हाकलायला कॉपरबँड पाठीचे काटे रोखून आडवा येतो. बरंच आहे. हिसकावून घेतलं जातंय हे कळलं की कुणीही भराभर जेवतं.

१७ डिसेंबर, मंगळवार

संध्याकाळी ७.४०. पाइप टाकण्याआधी मुद्दाम मायसिसचे पाचसहा तुकडे मोकळे सोडले, गुरुजीला गुंतवायला. ती एका तुकड्यामागे गेली, तो तिच्या शेपटीच्या झोताने उडाला आणि कॉपरबँडच्या तोंडासमोरून हळूहळू खाली यायला लागला. त्याने तो येताना बघितला. डोळा तुकड्याबरोबर खाली फिरला. डोकं वाकवलं, तुकडा चोचीच्या रेषेत आला, आणि टक्‌. काचेबाहेर ऐकू येतो असा बारीक आवाज. तुकडा गायब.

भेग नाही, कड नाही, मोकळ्या पाण्यात. २४ दिवस.

मी उठलो नाही. आणखी दोन सोडले. एक गुरुजीने नेला, एक त्याने.

२२ डिसेंबर, रविवार

पाच दिवस सलग मोकळे मायसिस, दिवसातून तीन वेळा, सोबत बारीक चिरलेली कोळंबी. मायसिस जीवनसत्त्वाच्या थेंबांत भिजवतो. पाइप फक्त रात्रीच्या शेवटच्या वेळी. तिसरी आठवड्यातून दोनदा, शिंपल्याशिवाय. पोट आता बाहेरून सरळ रेषेत दिसतं.

२३ डिसेंबर, सोमवार

कॉपर सुरू. चिलेटेड प्रकारचं, माझ्या बाटलीवर पातळी २ ते २.५ पीपीएम (दहा लाखात इतके भाग). एका दिवसात चढवणार नाही, रोज ०.५ पीपीएमच्या आत. मोजायला डिजिटल चेकर, रंग जुळवायच्या पट्ट्या नाहीत. अमोनिया बांधून ठेवणारं द्रावण कपाटात कुलूपबंद. कॉपर असताना ते चुकूनही टाकायचं नाही, दोघांची जुळणी माशाच्या जिवावर बेतू शकते. अमोनिया वाढला तर पाणी बदल, आणि बदलायच्या पाण्यात आधीच तेवढंच कॉपर.

२६ डिसेंबर, गुरुवार

१.६ पीपीएम. आज सकाळी फक्त चार तुकडे खाल्ले, कालपर्यंत वीस. अपेक्षित होतं. चढवणं दोन दिवस थांबवलं, १.६ वरच ठेवलं.

१९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाला आज शंभर वर्षं झाली. गांधीजी अध्यक्ष झालेलं ते एकमेव अधिवेशन, आमच्याच टिळकवाडीत भरलं होतं. गावभर दिव्यांची रोषणाई, आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत झगमगाट, आणि मी खिडकीला चादर लावून टाकीवर अंधार धरून बसलेलो. रात्री लेकीला दिवे दाखवायला काँग्रेस विहिरीपर्यंत जाऊन आलो. आईने विचारलं, त्या विहिरीचं पाणी चालंल काय रे माशाला? टीडीएस बघावा लागेल म्हटलं. तिने हात झटकले.

रात्री पाइप ठेवला. मोकळं मायसिस न खाणारा मासा पाइपवर मात्र आला. नऊ टोचे. डमी तिसरी मोडीत काढायची नाही.

३० डिसेंबर, सोमवार

२.२ पीपीएम. भूक पंधरा तुकड्यांवर परत. इथून ३० दिवस मोजायचे.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

संक्रांत. २.२ स्थिर. अज्जींनी तीळ, बेल्ल म्हणजे गूळ आणि खोबऱ्याच्या तुकड्यांची वाटी दिली आणि गॅलरीतून नव्हे तर आत येऊन, पदर नाकाला लावून मासा बघितला. मग विचारलं, याला दोन डोळे मागे का आहेत. एकच मागे, तोही खोटा, शत्रूला फसवायला, असं मोडक्या कन्नडात सांगितलं. किती समजलं कोण जाणे. "शाणा," म्हणाल्या.

२९ जानेवारी, बुधवार

३० दिवस पूर्ण. कॉपर काढायला कार्बन टाकला, मोठे पाणी बदल सुरू, क्षारताही रोज थोडी वाढवत १.०२५ कडे. वजन मापायची सोय नाही, पण डोक्यामागची पाठ अंगठ्याएवढी जाड.

२ फेब्रुवारी, रविवार

मोठ्या टाकीत सोडला. गुरुजी पण बरोबर गेली, लेकीचा हट्ट.

पहिला तास खडकामागे. मग निघाला आणि एकेक भेग तपासत अख्ख्या टाकीची फेरी मारली. एप्टेशियाच्या भरगच्च झुडपासमोर थांबला, दोन्ही डोळ्यांनी आळीपाळीने बघितलं. मी खुर्चीच्या कडेवर. तो पुढे गेला आणि शेजारच्या खडकातला पंख्यासारखा फुललेला किडा, मी दोन वर्षं जपलेला, एका टोच्यात मुळापासून उपटून खाल्ला. नंतर दुसरा.

एप्टेशियाकडे पुन्हा वळला नाही.

संध्याकाळी सातला पुढच्या काचेशी येऊन उभा राहिला, चोच काचेला लावून. पाइपचा तुकडा मोठ्या टाकीत टाकायचा नाही असं ठरवलं होतं. कॉपरमध्ये राहिलेली वस्तू इथे नको, प्रवाळ आहेत. मग तळघरातून उरलेला पाइप शोधून नवा कापला, भोकं पाडली, बर काढली. आठला टाकला.